दोन रंगांचं कार्ड, दोन लँडचा हात

नमस्कार. देवगडहून आलेली तुमची प्रतिक्रिया चांगली खरमरीत आहे, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. तुमचे मुद्दे थोडक्यात असे: मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातल्या पॉपरसाठी (फक्त कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या कार्डांचा फॉरमॅट) मॉडर्न होरायझन्स 3 या सेटमधल्या बहुरंगी कार्डांना गुण देताना मी स्नीकी स्नॅकरला पाचपैकी दोन दिले आणि ते कार्ड आज सगळीकडे खेळलं जातंय. रायदिंग क्रिसलिसलाही दोन रंग लागतात, तरी त्याला साडेचार, म्हणजे हा पक्षपात. टर्मिनेटसारख्या, कुठलाही प्राणी मारणाऱ्या कार्डाला मी 'बरं आहे' म्हणून बाजूला सारलं. तुमच्या चौघांच्या गटात तीन रंगांचा डेक रोज जिंकतो. आणि शेवटी, 'नुसत्या कागदावरच्या गजाली, खेळून बघा.'

स्नॅकरचं तुमचं म्हणणं मान्य. चूक कुठे झाली ते सांगतो, कारण तीच चूक पुढच्या सेटला तुमच्याकडूनही होऊ शकते.

माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत, आणि ती लँड नावाच्या कार्डांतून मिळते. स्नॅकर म्हणजे एक निळा आणि एक काळा माना देऊन येणारा 2/1 (ताकद 2, टिकाव 1) उडता प्राणी. ज्या टर्नमध्ये तुम्ही तिसरं कार्ड काढता, त्या टर्नला तो ग्रेव्हयार्डमधून (टाकलेल्या कार्डांच्या ढिगातून) टॅप होऊन (आडवा, म्हणजे वापरून झाल्यासारखा) परत येतो. मी त्याला निळ्या-काळ्या डेकात बसवून मोजलं. तिथे तो खरंच सामान्य आहे. आल्या आल्या काही करत नाही, त्यामुळे निंजानं (आपलाच प्राणी हातात परत पाठवून त्याच्या जागी येणाऱ्या प्राण्यानं) हातात परत घेऊन पुन्हा खेळावा असं त्यात काही नाही, फ्लॅश (समोरच्याच्या टर्नलाही खेळता येणं) नाही, आणि दुसऱ्या टर्नला दोन्ही रंग हजर हवेत. पण तो खेळला जातो तो लाल-काळ्या मॅडनेस (हातातली कार्डं टाकून फायदा घेणाऱ्या) डेकात, आणि तिथे निळा माना देणारी एकही लँड नसते! त्याची किंमत कुणी भरतच नाही. तो हातातून टाकायचा आणि फुकट परत आणायचा. म्हणजे बहुरंगी कार्ड हातात घेतल्यावर पहिला प्रश्न 'रंग कुठले?' हा नव्हे, 'हे मानानं येणार आहे का?' हा विचारायला हवा होता, आणि तो मी विचारला नाही.

इथे एक बारकावा आहे, त्यात बरेच जण फसतात. टर्नच्या सुरुवातीचं कार्ड हे पहिलं. मग फेथलेस लूटिंग खेळलात तर आधी दोन कार्डं काढायची आणि नंतर दोन टाकायची. तिसरं कार्ड हातात आलं तेव्हा स्नॅकर अजून हातातच आहे. तो नंतर ग्रेव्हयार्डमध्ये पडतो आणि तिथेच राहतो. ग्रॅब द प्राइझचं उलट आहे: कार्ड टाकणं हा तिथे किमतीचाच भाग, म्हणून स्नॅकर आधी जातो, मग दोन कार्डं येतात, दुसऱ्या कार्डाला तीनचा आकडा भरतो आणि स्नॅकर परत येतो. शिवाय टाकलेलं कार्ड लँड नसल्यामुळे समोरच्याला 2 डॅमेज. दोन्ही कार्डं वरवर सारखीच, पण एकीकडे स्नॅकर त्याच टर्नला येतो आणि दुसरीकडे पुढच्या संधीची वाट बघत बसतो. परत येतो तोही टॅप होऊन, म्हणजे समोरच्याच्या पुढच्या टर्नला तो ब्लॉक करणार नाही. लाइफ कमी असताना हे विसरलं की गेम जातो.

तर सुधारित गुण: निळ्या-काळ्यात दोन, लाल-काळ्या मॅडनेसमध्ये साडेचार. अर्धा कापला तो रेलिक ऑफ प्रोजेनिटससाठी, ते समोर आलं की हा सगळा डाव ग्रेव्हयार्डसकट पुसला जातो.

आता पक्षपाताकडे वळतो, आणि इथे मी माघार घेणार नाही.

क्रिसलिसला चार माना लागतात, त्यात एक लाल आणि एक हिरवा. टर्मिनेटला दोन, एक काळा आणि एक लाल. 'दोघांनाही दोनच रंग' हे तुमचं वाक्य बरोबर आहे, पण फरक टर्नचा आहे. समजा डेकात 18 लँड आहेत: एका रंगाच्या 7, दुसऱ्याच्या 7 आणि दोन्ही रंग देणाऱ्या 4. या 18 मधून दोन लँडच्या 153 जोड्या होतात. त्यांतल्या 21 जोड्यांत दोन्ही लँड एकाच रंगाच्या, 21 जोड्यांत दोन्ही दुसऱ्याच. म्हणजे 42 जोड्या बाद, साडेसत्तावीस टक्के. तीन लँडची 816 त्रिकुटं होतात, त्यांतली बाद 70, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आसपास. चार लँडच्या 3060 चौकड्या, बाद पुन्हा 70च (हा योगायोग मजेदार आहे, हवं तर स्वतः मोजून बघा), म्हणजे सव्वादोन टक्के. डेक तोच, लँड त्याच. दुसऱ्या टर्नला हवं असलेलं दुरंगी कार्ड चारातल्या एका हातात अडकतं, चौथ्या टर्नचं जवळपास कधीच नाही.

त्यात क्रिसलिसचा डेक रंगाची सोय स्वतःच करतो. यूटोपिया स्प्रॉल हे जादा माना देणारं कार्ड फॉरेस्टवर (हिरव्या लँडवर) लावलं, लाल रंग निवडला, की पहिल्याच टर्नला लालचा प्रश्न मिटला आणि तिसऱ्या टर्नला चार माना तयार. वर क्रिसलिस कास्ट करतानाच (खेळतानाच) 0/1 चे दोन स्पॉन (छोटे प्राणी) मिळतात. समोरच्यानं क्रिसलिस काउंटर केला (येण्याआधीच रद्द केला) तरी ते राहतात. ते सॅक्रिफाइस केले की दोन माना मिळतात आणि 2/3 चा प्राणी 4/5 होतो. इतकं सगळं देणारं एका रंगाचं चार मानाचं कॉमन कार्ड दाखवा, मी त्याचे गुण कमी करतो.

टर्मिनेटची तुलना मात्र कास्ट डाउनशी होणार, त्याला इलाज नाही. कास्ट डाउनलाही दोनच माना, पण रंग एकच, काळा. ते लेजेंडरी (कार्डावर तसं लिहिलेले खास प्राणी) सोडून कुठलाही प्राणी मारतं, आणि कॉमन कार्डांच्या फॉरमॅटमध्ये लेजेंडरी प्राणी किती भेटतात? वरच्याच 153 जोड्या घ्या. दुरंगी लँड टॅप होऊन येतात असं धरा, म्हणजे दोन्ही दुरंगी असलेल्या 6 जोड्यांतही दुसऱ्या टर्नला एकच माना हाती राहतो. टर्मिनेट अडकतं 48 जोड्यांत. कास्ट डाउन अडकतं फक्त दोन्ही लाल असलेल्या 21 आणि या 6, म्हणजे 27 जोड्यांत. 31 टक्के विरुद्ध 18 टक्के. (मुळात दोन लँडच न मिळणं हे दुखणं वेगळं. पहिला खेळणारा दुसऱ्या टर्नपर्यंत 8 कार्डं पाहतो आणि 18 लँडच्या डेकात जवळपास 24 टक्के वेळा त्यांत दोन लँड नसतात. पण ते एकरंगी डेकालाही चुकत नाही, म्हणून त्याचं खापर मी दोन रंगांवर फोडत नाही.)

या जादा अडकण्याच्या बदल्यात टर्मिनेट काय देतं? लेजेंडरी मारता येतो. रीजनरेट (मरणाऱ्या प्राण्याला वाचवणं) अडवता येतं, ज्याची गरज क्वचित पडते. आणि एक खरा फायदा, जो तुम्ही लिहायला हवा होतात पण लिहिला नाहीत: गार्डियन ऑफ द गिल्डपॅक्ट. त्या पांढऱ्या प्राण्याला एकरंगी गोष्टींपासून प्रोटेक्शन आहे. कास्ट डाउन, लायटनिंग बोल्ट, स्नफ आउट यांपैकी कुणालाच तो टार्गेट करता येत नाही. टर्मिनेट दोन रंगांचं, म्हणून ते लागतं. तुमच्या गटात कुणी गार्डियन खेळत असेल तर साइडबोर्डमध्ये (दोन गेमच्या मधे बदलायच्या राखीव कार्डांत) दोन टर्मिनेट बिनधास्त ठेवा. मुख्य डेकात कास्ट डाउनच आधी.

कार्डाचा स्वतःचा रंगही मोजायचा असतो, आणि हे गुणांच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. पॉपरमध्ये लाल साइडबोर्ड उघडला की पायरोब्लास्ट निघतंच: एक लाल माना, आणि निळं जे काही असेल ते काउंटर किंवा नष्ट. स्नॅकर काळा आहे म्हणून स्नफ आउटपासून (ते काळ्या नसलेल्या प्राण्यांनाच मारतं) वाचतो, पण निळाही आहे म्हणून एका पायरोब्लास्टनं मरतो. निळं-लाल कार्ड तर पायरोब्लास्ट आणि हायड्रोब्लास्ट (तेच, पण लालवर चालणारं) दोन्हींच्या तावडीत सापडतं. क्रिसलिसला मात्र डेव्हॉइड आहे. मागतो लाल आणि हिरवा माना, पण स्वतः बिनरंगी, त्यामुळे हायड्रोब्लास्टला तो दिसतच नाही. स्नफ आउटला दिसतो, कारण तो काळा नाही.

हायब्रिडला मी बहुरंगी धरत नाही, हे मागच्या लेखात नीट लिहायचं राहिलं. बर्निंग-ट्री एमिसरीवर लाल-हिरव्याची दोन चिन्हं असली तरी ती दोन लाल मानांवरही येते. स्लिपरी बोगल नुसत्या हिरव्यावर. दोन्ही 'यापैकी कुठलाही' वाली कार्डं. चौकट रंगीत दिसली म्हणून गुण कापायचे नाहीत.

तुम्ही लिहिलंत की पत्त्यांतसुद्धा हातात जास्त रंग असलेले बरे. पत्त्यांत हो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात तर दहा रंग आणि 120 पानं असतात. पण तिथलं कुठलंच पान टाकायला आधी त्या रंगाची किंमत मोजावी लागत नाही. इथे लागते, आणि ती लँड मोजतात. म्हणून बहुरंगी कार्डाचे गुण वर्षागणिक बदलतात, कार्डावरचा मजकूर तोच राहिला तरी. 2014 ला खान्स ऑफ तारकिरमध्ये एक लाइफ देणाऱ्या दुरंगी लँड आल्या. 2021 च्या सुरुवातीला काल्डहाइमच्या दुरंगी स्नो लँड, त्याच वर्षी मॉडर्न होरायझन्स 2 चे ब्रिज (त्याही दुरंगी लँड). 2023 मध्ये लोरियन रिव्हील्ड आलं, जे एक माना देऊन टाकलं की डेकातून आयलंड प्रकारची (निळा माना देणारी) लँड शोधून देतं. आइस टनेल ही स्नो लँड आयलंडही आहे आणि स्वॉम्पही (काळी लँडही), म्हणून लोरियन तीही आणतं. निळ्या-काळ्या डेकात चार लोरियन असतील तर मी त्यांना दुरंगी लँडच्या हिशेबात अर्धं-अर्धं धरतो. अर्धं, कारण त्यात एक माना जातो आणि आणलेली लँडही टॅप होऊनच येते. रंग फारच स्वस्त झाले की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे आर्कम्स अ‍ॅस्ट्रोलेब. एका स्नो मानावर यायचं, आल्या आल्या एक कार्ड द्यायचं आणि मग कुठल्याही मानाचा हवा तो रंग करायचं. जून 2019 मध्ये आलं, ऑक्टोबरमध्ये पॉपरमधून बॅन झालं.

राहिला तुमचा तीन रंगांचा डेक. तो जिंकतो यावर माझा विश्वास आहे. फक्त एक हिशेब करा. पहिल्या तीन टर्नमध्ये मिळू शकणारे माना 1, 2 आणि 3, एकूण 6. टॅप होऊन आलेली प्रत्येक लँड त्यातला एक खाते. तीन रंगांच्या डेकात पहिल्या तिन्ही लँड टॅप आल्या तर हाती उरले 3. चौघांत कुणी मोनो रेड (फक्त लाल, झटपट हल्ला करणारा डेक) खेळत नसेल तर हे तीन माना कुणी वसूल करत नाही आणि डेक अजिंक्य वाटतो. एका रविवारी एकाला मोनो रेड घेऊन बसवा आणि मग बघा.

खेळून बघा म्हणता, तर कार्डं मागवायच्या आधीच बघता येतं. कागदाच्या चिठ्ठीवर कार्डाचं नाव आणि किंमत लिहा, स्लीव्हमध्ये जुन्या बेसिक लँडच्या पुढे सरकवा, झालं. मात्र जिंकलं-हरलं एवढंच लिहू नका. अगदी बरोबरीच्या दोन डेकांमध्येही 20 गेममध्ये 12 जिंकणं निव्वळ नशिबानं होतं. 100 पैकी 60 झाले तर बोलू. त्यापेक्षा दोन आकडे लिहा: दुरंगी कार्ड कुठल्या टर्नला टाकावंसं वाटलं, आणि प्रत्यक्षात कुठल्या टर्नला टाकता आलं. वीस गेममध्ये हा फरक स्वच्छ दिसतो.

आणि आपल्याकडची एक अडचण. दुरंगी लँड हौसेनं फॉइल घेऊ नका. पावसाळ्यात कागद ओल पितो, वरचा फॉइलचा थर पीत नाही, आणि कार्ड वाकतं. डेकात फक्त त्या दुरंगी लँडच वाकलेल्या असल्या की कापताना डेक बरोबर तिथेच उघडतो. समोरच्यानं आक्षेप घेतला तर उत्तर नाही. साध्या घ्या, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

तुमच्या डेकची यादी जरूर पाठवा, पण या वेळी लँड आधी लिहा, किती टॅप होऊन येतात त्यासकट. बाकीची कार्डं नंतर.