कर्मचाऱ्यांनी सिस्टीम बुडवली? जरा थांबा

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: ‘सरकारी ऑफिसातलं संगणकीकरण फसतं, कारण कर्मचाऱ्यांना ते नकोच असतं. वरून कडक आदेश काढा, भारी कंपनीला काम द्या, सगळं सुरळीत होईल.’

आधी कर्मचाऱ्यांचं बघू. कर्नाटकातली जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणारी ‘भूमी’ योजना घ्या. आपल्या सातबाऱ्यासारखा तिथला पहाणीचा उतारा हाताने लिहायचं काम सुमारे ९ हजार ग्रामलेखापालांकडे, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्यांकडे होतं. चिरीमिरीची सोयही तिथेच. विरोधाला याहून मोठं कारण कोणतं? तरीही सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आले. नोंदी छापून त्याच ग्रामलेखापालांकडून तपासून घेतल्या, त्यांच्या सह्याही घेतल्या. मग एकेका तालुक्यात हस्तलिखित उतारा बेकायदा ठरवला. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढायचे. मधला उचलून पुढे नेता येईना. कर्मचारी तेच होते, जुनी वाट मात्र बंद झाली होती, आणि तीही तपासणी झाल्यावर.

आता कडक आदेश. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सगळ्याच शाखांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. कंत्राट दिलं एप्रिलच्या अखेरीस, तेव्हा परीक्षा सुरू झालेल्या होत्या! प्राध्यापकांचं प्रशिक्षण घाईत उरकलं, कागदावर तपासायची वाट आधीच बंद. ३१ जुलैपर्यंत निकाल लावा, असं कुलपती या नात्याने राज्यपालांनी बजावलं. विद्यापीठाला त्यांच्याहून वरचा आदेश कोण देणार? तारीख टळली, पुढच्या प्रवेशांसाठी मुलं ताटकळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना हटवलं गेलं. गंमत म्हणजे अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिका या विद्यापीठात आधीपासून पडद्यावरच तपासल्या जात होत्या. म्हणजे तंत्र नवखं नव्हतं. एका शाखेवरून सगळ्या शाखांवर एका उडीत जायचं, हा निर्णय नवखा होता.

भारी कंपनीचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने आरोग्य खात्याच्या पगाराचं काम जगन्मान्य कंपनीलाच दिलं होतं. भत्ते-करारांची हजारो कॉम्बिनेशन्स. ती खात्याने स्वतःच नीट मांडलेली नव्हती. चाचणीत सापडलेल्या चुका ‘चालतंय’ म्हणत मागे ढकलल्या आणि मार्च २०१० मध्ये यंत्रणा सुरू केली. कित्येक परिचारिकांचा पगार चुकला, काहींचा आलाच नाही. मूळ सुमारे ६० लाख डॉलरचं काम राज्याला १ अब्ज डॉलरच्या वर पडेल, असा अंदाज पुढे निघाला.

आणि मेसेजमधला तो नाखूष कारकून? त्याला मी ओळखतो. साहेबांनी सिस्टीम सुरू केली, पण ‘रजिस्टरही राहू द्या’ म्हणाले. आता तो प्रत्येक नोंद दोनदा करतो, आणि साहेब सही करतात ती रजिस्टरवर.