डॉक्टरांनी वापरलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची ठरवलीय ना? मग संशय घरी ठेवून जा. विकणारा बॉनेटवरून हात फिरवत "साहेब, डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना" म्हणाला की विषय संपला. महाराष्ट्रात डॉक्टर जास्त की त्यांच्या विकायला आलेल्या गाड्या, असले हिशेब करू नयेत.

आरसीवर बँकेचं नाव, म्हणजे कर्ज, दिसलं तर नजर वळवा. कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी "सोमवारी येतेय". सोमवार कुठला ते विचारू नका.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढू नका. टोकाला गाळाची रेघ दिसते आणि उगाच पुरातली २०१९ची सांगली, २०२१चं चिपळूण आठवतं.

किंमत? तो सांगेल ती. विम्याच्या कागदावर त्याच गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली किंमत, वाचली तर त्याने पाजलेला चहा कडू लागतो.

मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून फाईलला लावले, झालं. गाडी नावावर होईल सावकाश.

आणि मीटर. मीटरवर श्रद्धा हवी. गेल्या रविवारी मेव्हण्यासोबत एक गाडी बघायला गेलो. २०१५ची डिझेल, मीटर ४३ हजार. डिझेलला जास्त पैसे मोजणारा माणूस गाडी काय पार्किंगमध्ये पूजेला ठेवतो? पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कव्हर सोललेलं, ड्रायव्हरची सीट खचलेली. बॉनेट उघडलं तर आत ऑइल बदलल्याचा स्टिकर: पुढचं ऑइल १,२५,००० ला. स्टिकर काढायचेसुद्धा कष्ट नाहीत! विचारलं, तर म्हणे "स्टिकर दुसऱ्या गाडीचा असेल." दुसऱ्या गाडीचा, या गाडीच्या बॉनेटखाली! वर मेव्हण्याला ऐकवलं, "एवढं बघायचं तर नवीन घ्या ना साहेब."

नाही घेत नवीन. परवडत नाही म्हणूनच आलो होतो ना तुझ्याकडे? बेल्टवर चालणाऱ्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट किलोमीटर मोजून बदलतात. तू मीटर मागे फिरवून ऐंशी हजार खाल्लेस म्हणजे बेल्ट बदलायची वेळ खाल्लीस. उद्या कुणी बायकापोरांना घेऊन घाट उतरत असताना तो तुटला तर इंजिन जागीच बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकला जोर लावावा लागतो. तेव्हा तू कुठे असशील? पुढच्या डॉक्टरांची गाडी पुसत.

आणि तुम्ही, शेजारी उभे राहून "जाऊ दे रे, जुन्या गाडीत एवढं तेवढं असतंच" म्हणणारे काका! तुमच्यामुळेच यांचं फावतं. गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला की कितवा मालक, नोंदणी कधीची, विमा कुठवर, कर्ज आहे का, सगळं दिसतं. थकलेली ई-चलानंही तिथल्या तिथे बघता येतात. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायला पाचशे रुपये जड जातात आणि चार लाख हातोहात काढून देता. बघा आधी. तो चिडला तर चिडू दे, बयाणा तुमच्याच खिशात आहे.