जवानाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसते

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे आणि सध्या सीमेवर तैनात आहे. नेमका कुठे, ते मी येथे लिहिणार नाही. ते मला पुरते ठाऊक नाही, आणि जेवढे ठाऊक आहे तेवढेही चारचौघांत बोलायचे नसते. ही साधी गोष्ट गेल्या चार महिन्यांत इतक्या खिडक्यांसमोर उभे राहून इतक्या जणांना समजावून सांगावी लागली आहे की आता माझा संयम संपला आहे. भावाला घरचा खाऊ आणि चार गरम कपडे पाठवणे हे अवघड काम असायला नको. गोव्यात मात्र ते एवढे अवघड करून ठेवले आहे की आई हल्ली खोका भरायला बसण्याआधीच विचारते, "पण ह्यावेळी घेतील ना ते?"

भावाचा पत्ता असा असतो: सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, 'मार्फत ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आणि शेवटी ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन कोड. त्यात गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. हा पत्ता अपुरा नाही. पाकीट कोणाच्याही हाती पडले तरी पलटण कुठे आहे ते त्याला कळू नये, म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतातले कवी होते. त्यांनी देशाचे आठ भौगोलिक विभाग पाडले आणि नववा विभाग केवळ सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवला. गोव्याचा पिन ४०३ ने सुरू होतो हे आपल्याकडे शाळकरी मुलाला माहीत असते, पण ९ हा आकडा कशासाठी आहे ते पार्सल घेण्यासाठी पगार मिळवणाऱ्या माणसाला माहीत नसते. सैन्याची डाकसेवा स्वतंत्र कोअर, म्हणजे सैन्याची वेगळी शाखा, झाली तीही १९७२ सालीच, १ मार्चला. ५६ एपीओचे टपाल दिल्लीच्या आणि ९९ एपीओचे टपाल कोलकात्याच्या मध्यवर्ती तळावर जाते, तेथे त्याची युनिटवार वर्गवारी होते आणि मग ते फील्ड पोस्ट ऑफिसांकडे रवाना होते. ते पुढे कुठे न्यायचे हे सैन्याला ठाऊक असते. पाठवणाऱ्याने ते सांगायचे नसते आणि खिडकीतल्या माणसाने ते विचारायचे नसते. पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेली ही व्यवस्था आहे.

आता माझ्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, खोक्याचे काय झाले ते सांगते.

श्रावण लागताच आम्ही खोका भरला, कारण राखी वेळेत पोहोचायला हवी होती. आईने नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, केल्या आणि त्यांतले सारण जाणूनबुजून कोरडे ठेवले, म्हणजे त्या महिनाभर टिकाव्यात. जत्रेतल्या ओळखीच्या खाजेकाराकडून दोन किलो खाजे आणले. आल्याचा आणि तिळाचा तो गुळाचा पाक भावाला लहानपणापासून प्रिय. सालासकट भाजलेले काजू, आमच्याच झाडाची सोलां (आमसुले), दोन जोड लोकरी मोजे, राखी, आणि माझ्या मुलीने काढलेले मामाचे चित्र. सगळे मिळून ४ किलो ३०० ग्रॅम भरले. पत्ता तिन्ही बाजूंना ठळक लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारली. घाई होती म्हणून मी एका खाजगी कुरियरकडे गेले, ही चूक माझी. पण मी तेथे स्पष्ट विचारले होते की, हा सैन्याचा पत्ता आहे, तुमची सेवा तेथवर जाते का? काउंटरवरच्या तरुणाने मान वर न करता सांगितले, "सगळीकडे जाते," आणि साडेनऊशे रुपये घेतले.

सैन्याचे टपाल सैन्याच्या डाकसेवेकडे फक्त सरकारी टपाल खात्यामार्फत पोहोचते, खाजगी कुरियरला एपीओच्या पत्त्यावर सामान पोहोचवता येत नाही, हे त्या तरुणाला ठाऊक नसेल तर त्याने कोणाला तरी विचारायला हवे होते. त्याऐवजी त्याने काय केले ते मला नंतर पावतीवर दिसले. त्याच्या संगणकात शहराचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, म्हणून त्याने मला न विचारता तेथे स्वतःच्या मनाने 'जम्मू' असे टाकून दिले. भावाचा पत्ता कसा असावा हे त्याने एका क्षणात ठरवले, आणि ते त्याला चूक वाटलेही नाही.

शेवटी खोका परत आला. चवथ होऊन गेली होती. बाहेर निळ्या शाईत 'पत्ता अपूर्ण' असे लिहिलेले, एक कोपरा चेपलेला, आणि उघडण्यापूर्वीच खवट तुपाचा वास. नेवऱ्यांचा भुगा झाला होता. खाज्यांचा गूळ पाघळून मोज्यांच्या लोकरीत शिरला होता आणि ते मोजे आईला पुन्हा विणावे लागले. चित्रावर तेलाचा डाग पडून मामाचा चेहरा पारदर्शक झाला होता. आईने काजू तेवढे निवडून बाजूला काढले, राखी पुसून देवापाशी ठेवली, आणि ती त्या दिवशी जेवली नाही. कुरियरवाल्यांनी पैसे परत करायचे नाकारले, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी खोका नेण्याआणण्याचे काम केले होते आणि पत्ता चुकीचा देणारी मी होते.

चुकीचा पत्ता! हा शब्द ऐकला की माझ्या अंगाची लाही होते.

त्यानंतर मी योग्य मार्गाने, सरकारी खिडकीवर गेले. येथे तरी समजेल अशी माझी समजूत होती. यावेळच्या खोक्यात आईने भिरंडेल घातले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हे कोकमाच्या बियांचे तूप. आपल्याकडे त्याचे वळलेले घट्ट गोळे मिळतात, आणि थंडीने फुटलेल्या ओठांना नि टाचांना त्यासारखे औषध नाही. भावाने मुद्दाम मागवले होते, कारण त्याच्या तुकडीतल्या पोरांचे ओठ फुटून रक्त येत होते. खिडकीतल्या माणसाने यादी वाचली आणि म्हणाला, "तेल चालणार नाही, द्रव पदार्थ बंद." मी खोका उघडून गोळा काउंटरवर ठेवला. पांढुरका, अंड्याएवढा, नखाने ओरखडला तरच भुकटी सुटणारा. तो मे महिन्याच्या पणजीतही सहजासहजी वितळत नाही, आणि सीमेवरच्या थंडीत तर दगडासारखा राहील. ज्वालाग्राही वस्तू, लायटर, फवाऱ्याचे डबे पाठवू नयेत, हे नियम मला मान्य आहेत आणि मी ते काटेकोर पाळते. भावाने पॉवर बँक मागितली होती तीही मी बॅटरीच्या कारणास्तव पाठवली नाही. पण समोर घट्ट गोळा दिसत असताना, केवळ त्याच्या नावात तेलाचा भास होतो म्हणून तो द्रव आहे असे सांगणाऱ्या माणसाशी कसे बोलायचे? अर्धा तास गेला. शेवटी भिरंडेल काढून घ्यावे लागले.

आणि मग तो प्रश्न आला. "पण गाव कुठले? काश्मीर की लडाख?" मोठ्याने, काचेपलीकडून, माझ्यामागे पंधरा माणसे उभी असताना. मी म्हणाले, ते लिहायचे नसते, पिन कोड टाका. तो म्हणाला, पिन चुकीचा दिसतो, जिल्हा येत नाही. मी म्हणाले, सैन्याचा आहे, जिल्हा येणारच नाही. तो म्हणाला, मग जवळचे स्टेशन तरी सांगा. रांगेतला एक जण वैतागून म्हणाला, "बाई, सांगून टाका ना एकदाचे, आम्हांला उशीर होतोय." कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. ज्या माहितीसाठी भाऊ फोनवर स्वतःच्या आईलाही "इकडेच आहे" एवढेच सांगतो, ती माहिती मी एका गर्दीच्या दालनात ओरडून सांगावी अशी सर्वांची अपेक्षा होती. आतल्या टेबलावरून निवृत्तीला आलेले एक कर्मचारी उठून आले, त्यांनी सहकाऱ्याला बाजूला करून पिन टाकला आणि दोन मिनिटांत पावती माझ्या हातात दिली. म्हणजे यंत्रात सोय होती. शिकवले कोणी नव्हते. ते गृहस्थ निवृत्त झाले की आमच्या तालुक्यात हे काम करणारे कोण उरणार आहे, याची कोणाला काळजी आहे का?

ऑनलाइन दुकानांचीही तीच तऱ्हा आहे. नवे थर्मल कपडे थेट भावाच्या नावे मागवावेत म्हणून बसले, तर शहर आणि राज्य भरल्याशिवाय मागणी स्वीकारली जात नाही. ९ ने सुरू होणारा पिन टाकला की लाल अक्षरांत 'वैध पिन कोड टाका' असे येते.

सर्वांत जास्त संताप मात्र मला दिवाळीच्या तोंडावर आला. सैनिकांसाठी फराळ गोळा करणाऱ्या एका गटाने माझ्याकडे भावाचा पत्ता मागितला. हेतू चांगला असेल म्हणून मी दिला आणि बजावून सांगितले की हा कोणाला दाखवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्ता, सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट यांसह, तिरंग्याच्या पार्श्वभूमीवर छापलेल्या चित्रात माझ्याच मोबाइलवर परत आला. खाली लिहिले होते, 'आपल्या गोमंतकीय जवानाला शुभेच्छा पाठवा.' तोवर तो किती समूहांत फिरला असेल देव जाणे. मी फोन करून तो काढायला सांगितले, तेव्हा मला उत्तर मिळाले की, "तुमच्या भावाचे कौतुकच करतोय ना आम्ही?" नाही. तुम्ही त्याला धोक्यात घालता आहात. खिडकीतला माणूस पत्त्यात गाव नाही म्हणून तो नाकारतो, आणि तुम्ही गाव नाही म्हणजे गुपित काहीच नाही असे समजून तो जगभर वाटता. त्या पत्त्याला अर्थ आहे, ही गोष्ट दोघांच्याही डोक्यात शिरलेली नाही. त्याच गटाने गोळा केलेल्या डब्यांत मुदत उलटून गेलेले बिस्किटांचे पुडे आणि ओल्या नारळाच्या करंज्या होत्या, ज्या तिसऱ्या दिवशी आंबतात. मी ते स्वतः पाहिले. जवानाला पाठवायचे ते आपण स्वतःच्या मुलाला खायला देऊ असे असावे, एवढेही कळू नये?

आणि हे कुठे घडते आहे? ज्या गोव्याची मुक्ती १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने केली, जेथे दरवर्षी त्या दिवशी सैन्याच्या नावाने भाषणे होतात, जेथे बांबोळीला लष्कराची छावणी आहे आणि दाबोळीला नौदलाचा हंसा तळ आहे, तेथे. सैन्य आपल्याला अपरिचित नाही. तरीही पाच ओळींचा पत्ता वाचता येणारा माणूस शोधत मला तालुका पालथा घालावा लागतो.

दिवस वाया जातात त्याची किंमत ह्या लोकांना कळत नाही. उत्तरेकडचे डोंगरी रस्ते हिवाळ्यात बर्फाने बंद होतात. सुमारे साडेअकरा हजार फुटांवरची झोजिला खिंड हे त्याचे ठाऊक असलेले उदाहरण. अशा भागात खोका आठवडाभर उशिरा निघाला तर तो आठवडाभर उशिरा पोहोचेल असे नसते. वाट बंद झाली तर तो कुठेतरी खालीच पडून राहतो. भावाने एकदा सांगितले होते की कोणाचेही पार्सल आले तरी ते एकट्याचे नसते. खाजे उघडले की गढवाली, पंजाबी, तमिळ पोरे भोवती बसतात आणि पाच मिनिटांत कागद रिकामा होतो. मागच्या वेळी त्याने विचारले, "ताई, ह्या खेपेला उशीर झाला का?" मी म्हणाले, पाठवलाय, वाटेत असेल. खोका तेव्हा आमच्या ओसरीवर होता.

भिरंडेलाचे सहा गोळे आईने पुन्हा कागदात गुंडाळले आहेत. मोजे विणून झाले आहेत. येत्या सोमवारी मी त्याच खिडकीवर जाणार आहे, आणि ते वयस्कर गृहस्थ रजेवर असले तरी पावती हाती पडल्याशिवाय तेथून हलणार नाही. गाव मात्र सांगणार नाही.