जरा जिवंत करा

संकेतस्थळाचे काम संपत येते, रंग ठरलेले असतात, मजकूर जागच्या जागी बसलेला असतो, आता बिल पाठवायला हरकत नाही असे मन म्हणू लागते आणि नेमक्या त्या सुमारास क्लायंटचा निरोप येतो : "सगळं छान झालंय, फक्त जरा जिवंत करा." नेमके काय हलायला हवे, असे विचारले तर समोरची व्यक्ती दोन्ही पंजे हवेत फिरवून दाखवते. त्या पंजांच्या हालचालीचे कोडमध्ये रूपांतर करणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे.

या मागणीला खतपाणी मिळते ते माझ्या रिकामपणच्या प्रयोगांमुळे. कोणी मागितलेले नसताना मी रात्री ब्राउझरमध्ये खेळ मांडून बसतो : कर्सर जवळ येताच अंग चोरणारे बटण, स्क्रोलच्या वेगाप्रमाणे कलणारी अक्षरे, हजारो ठिपक्यांचा एक गोळा, जो स्पर्श होताच उधळतो आणि पुन्हा जमतो. त्यांचा कोणाला काडीचाही उपयोग नसतो आणि आयुष्यही बेताचेच असते; उमेदवारीच्या काळात फ्लॅश या ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या तंत्रात रचलेले माझे सगळे चमत्कार, ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा कारभार आटोपल्यावर, एकगठ्ठा निजधामाला गेले. जे उरले आहेत ते मी हौसेने मांडून ठेवतो आणि क्लायंट त्यांतलाच एखादा निवडून म्हणतो, "आम्हाला हेच द्या."

लेखापालांच्या एका संस्थेला तो ठिपक्यांचा गोळा आवडला. फक्त ठिपक्यांच्या जागी आकडे हवे होते. हिशेब चोख ठेवणाऱ्या संस्थेच्या पहिल्याच पानावर, माणूस जवळ येताच आकडे दाही दिशांना पळून जावेत हे कितपत शोभेल, अशी शंका मी अदबीने मांडली. "उलट लोकांच्या लक्षात राहील," असे उत्तर आले. त्याबद्दल मलाही शंका नव्हती.

खरी झटापट सुरू होते ती वेगावरून. हालचालीने कधी जोर धरावा आणि कधी मंदावावे, हे सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत, चार आकड्यांच्या एका वक्ररेषेने सांगता येते. ही रेषा मुळात मोटारींच्या कारखान्यातली. रेनो कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात गाडीच्या बाह्यांगाची वळणे आखण्यासाठी ती वापरली आणि प्रसिद्धीला आणली. सित्रोएनमधील पॉल द कास्तेल्जो यांनी तेच गणित १९५९ मध्ये सोडवले होते, पण त्यांच्या कंपनीने ते गुलदस्त्यात ठेवले. दोन मोटार कंपन्यांची ही बुद्धी आज माझ्याकडे 'संपर्क साधा' हे बटण वीस पिक्सेल वर सरकवण्याच्या कामी येते. त्या चार आकड्यांपैकी काळाचे दोन शून्य आणि एक यांच्या दरम्यानच असावे लागतात, कारण काळाला मागे फिरता येत नाही. जागेचे दोन मात्र मर्यादा ओलांडू शकतात, म्हणून बटण क्षणभर पुढे जाऊन मग जागेवर येते. काळाचा हा नियम ब्राउझर कसोशीने पाळतो. क्लायंटला मात्र तो मान्य नसतो. त्याला पान कालच हवे असते. शिवाय त्याच्या मते हालचाल "सावकाश, पण फास्ट" असायला हवी, आणि यासाठी बेझिए यांच्याकडेही आकडे नाहीत.

मधल्या काळात 'अंतिम मुदत' ही पट्टी सतत लुकलुकावी अशी एक मागणी आली होती. वेब सुलभतेच्या, म्हणजे संकेतस्थळ अपंगांसह सर्वांना वापरता यावे यासाठीच्या, नियमांनुसार एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा काही चमकू नये, आणि आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलत राहणाऱ्या गोष्टीला थांबवण्याची सोय असावी लागते, हे मी समजावून सांगितले. नियम म्हटल्यावर लेखापाल लगेच वरमले. असा क्लायंट विरळा.

मग मंजुरीची बैठक आली. साधारण पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात; तेवढ्यात बसावे म्हणून मी एकेक आकडा केवळ स्थानांतर आणि पारदर्शकता यांवर हलवला होता आणि माझ्या यंत्रावर तो लोण्यासारखा सरकत होता. बैठक मात्र व्हिडिओ कॉलवर होती, आणि स्क्रीन शेअर करताना पलीकडे सेकंदाला मोजकीच चित्रे पोहोचतात. "अडकतंय," पहिला आवाज. "माझ्याकडेही अडकतंय," दुसरा. हा कॉलचा दोष आहे, पानाचा नाही, असे सांगणारा माणूस कसा दिसतो हे मला माझ्याच छोट्या चौकटीत दिसत होते. अखेर सर्वांना दुवा पाठवला आणि ज्याने त्याने आपापल्या यंत्रावर पान उघडावे, अशी विनंती केली.

संस्थेच्या ज्येष्ठ भागीदारांनी पान उघडले. पडदाभर शांतता. आकडे आपापल्या जागी शिस्तीत उभे, बटण स्थिर, पट्टी निश्चल. हलत्या गोष्टी पाहून त्यांना गरगरते, म्हणून त्यांनी आपल्या संगणकावर हालचाल कमी ठेवण्याची सेटिंग केव्हाच चालू केली होती, आणि अशा माणसाला अ‍ॅनिमेशन दाखवायचे नाही ही तजवीज मी कोडमध्ये निगुतीने करून ठेवलेली होती. ती त्या दिवशी अचूक चालली. "उत्तम! किती स्वच्छ आणि शांत आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्यापुढे कोणी ब्र काढला नाही.

बिल पाठवले. तिसऱ्या दिवशी हिशेब विभागाने विचारणा केली : 'अ‍ॅनिमेशन' या सदराखाली लावलेली रक्कम कशाबद्दल आहे? मंजुरी देणाऱ्या भागीदारांनी असे काही पाहिल्याचे आठवत नाही, सबब ती वगळून सुधारित बिल पाठवावे. मी पुरावा म्हणून उधळणाऱ्या आकड्यांचे स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवले. त्यांचे उत्तर तत्पर आणि सौजन्यपूर्ण होते : फाइल आकाराने मोठी असल्याने उघडत नाही, कृपया त्याची छापील प्रत, प्रत्येक पानावर सही करून, पाठवावी.