म्हणे एकदम क्लिअर!

वर दादाने आंघोळीची बादली उपडी केली आणि खाली आमच्या मोरीने ढेकर दिला. गुडूक. मागोमाग तो वास. रविवार सकाळ, हातात चहा आणि नाकात गटार. शुक्रवारीच प्लंबर आठशे रुपये घेऊन गेला होता. जाताना म्हणाला, "साहेब, एकदम क्लिअर."

काय क्लिअर? माझा खिसा?

दहाला येतो म्हणाला, साडेबाराला उगवला. स्प्रिंग फिरवून उंदराएवढा केसांचा गोळा बाहेर काढला आणि मेडल मिळाल्यासारखा माझ्या तोंडासमोर धरला. मी "अ‍ॅसिड नको, खाली बिडाचा पाइप आहे" म्हणेपर्यंत अर्धी बाटली ओतून मोकळा! शहाबादी फरशी फसफसली, आम्ही सगळे खोकत अंगणात, आणि हा फोनवर पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतोय, "पाच मिनिटांत पोचतो." फरशीवर आता ताटाएवढा पांढरा डाग आहे. नहाणी ट्रॅपची जाळी उलटी बसवलीय ती वेगळीच.

याच्या आधीचा तर थेट म्हणाला, "सगळी लाइनच बदला." पानशेतच्या पुरानंतर आजोबांनी बांधलेलं घर आहे, मी काय भिंती फोडत बसू? आणि त्याच्याही आधी तो टाइल्सवाला, ज्याने उरलेल्या ग्राउटचं पाणी याच मोरीत ओतलं. सिंकमध्ये चहाचा चोथा बोटाने ढकलणारे आमचे पाहुणे तर सोडूनच द्या. गाळणं आपटायला डबा ठेवलाय शेजारी, दिसत नाही?

भाचा म्हणे खायचा सोडा आणि व्हिनेगर टाक. टाकलं. फेस छान आला.

अरे, पण चोकअप नाहीच आहे! तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल कसं गचके खात पडतं, तसं चाललंय. पाइपला वरून हवा मिळत नाही, म्हणून वरचं पाणी उतरताना खालच्या ट्रॅपमधलं दोन इंच पाणी ओढून नेतं, आणि ते गेलं की वासाला रान मोकळं. दोन प्लंबर झाले, एकालाही गच्चीवर जाऊन व्हेंट पाइपचं तोंड बघावंसं वाटलं नाही!

शेवटी मीच चढलो. छप्पन्नाव्या वर्षी, शिडीवरून, गुडघ्याला पट्टा बांधून.

पाइपच्या तोंडावर मातीची कुंडी. उपडी. कडेने व्यवस्थित सिमेंट थापलेलं, वर बोटांचे ठसे.

माझे.

गेल्या मे महिन्यात कबुतरं घरटं करतील म्हणून मीच बसवली होती. सिमेंट उरलं तेव्हा आणखी एक थर दिला होता, तेही आठवलं. काम मजबूत झालं होतं हे मात्र खरं, छिन्नीने काढायला पाऊण तास गेला.

आता पाणी सरसर जातंय. पण म्हणून त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. आठशे रुपये घेतलेस ना? मग चढायचंस गच्चीवर! जाळी सुलटी करायला बोलावलंय, सकाळपासून पाच मिनिटांत पोचतोय.

बायकोने विचारलं, "वर काय होतं एवढं?"

"कबुतराचं घरटं," मी म्हटलं.

कुंडी सध्या टाकीमागे आहे. वर्षभर ती मोगऱ्याची कुंडी शोधतेय.