‘शटडाऊनचा फार्स’ आणि चाळीस मिनिटांचा हिशेब

साखर कारखान्याच्या वीज विभागात नुकत्याच रुजू झालेल्या माझ्या भाच्याने परवा एक संदेश पुढे पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, यात तथ्य आहे का?’ चाचण्यांसाठी यंत्रांची वीज बंद ठेवणे हे निव्वळ नाटक आहे, असे सांगणारा ‘शटडाऊनचा फार्स’ या मथळ्याचा तो संदेश याआधी तीन गटांवर येऊन गेला होता आणि मी तो सोडून दिला होता; पण उद्या ज्याच्या हातात मेगरच्या, म्हणजे इन्सुलेशनचा (विद्युतरोधक आवरणाचा) रेझिस्टन्स मोजणाऱ्या उपकरणाच्या, लीड असणार, त्याच्यापर्यंत तो पोहोचल्यावर गप्प बसवत नाही. दावे तीन आहेत: पुरवठा चालू आहे, म्हणजे इन्सुलेशन धडधाकट आहे, ११ केव्हीच्या मोटरच्या इन्सुलेशनचा रेझिस्टन्स १२ मेगाओहम भरला की ती पास, आणि मेगरचा करंट जेमतेम मिलिअँपिअरचा, म्हणून चाचणीनंतर डिस्चार्जमध्ये, म्हणजे साठलेला चार्ज जमिनीत उतरवण्यात, वेळ घालवू नये.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोघांनी यंत्र जळेल, याने माणूस जाईल.

मेगरचा करंट थोडा असतो, हे खरे. परंतु ज्या केबलला तो लावला आहे ती त्या वेळी कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी वस्तू, असते आणि सावकाश भरलेला कपॅसिटर रिकामा मात्र क्षणात होतो. दोनेक किलोमीटरच्या ११ केव्ही केबलची धारिता ०.८ मायक्रोफॅरड धरली, तर ५ केव्हीवर तिच्यात १० ज्यूल ऊर्जा साठते. एका कारखान्यात दहा मिनिटांची चाचणी संपल्यावर हेल्परने जमिनीला जोडलेला डिस्चार्ज रॉड क्षणभर टेकवला, ‘चट्’ असा आवाज ऐकला, रॉड काढला आणि थोड्या वेळाने केबलच्या टोकाच्या उघड्या लगला (धातूच्या जोडणीला) हात लावला. तो मागे फेकला गेला. वाचला, पण पॅनेलची कड लागून डोक्याला चार टाके पडले. इन्सुलेशनने शोषलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो आणि अर्थिंग लवकर काढले की व्होल्टेज पुन्हा चढते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. फिरत्या यंत्रांसाठीचे आयईईई ४३ हे मानक डिस्चार्जला चाचणीच्या किमान चौपट वेळ मागते, म्हणजे दहा मिनिटांच्या चाचणीला चाळीस मिनिटे.

बारा मेगाओहमचे सूत्रही, म्हणजे केव्ही अधिक एक, याच मानकातले आहे. फक्त ते मुख्यतः १९७० च्या आधीच्या वाइंडिंगसाठी (यंत्रातील तारांच्या गुंडाळीसाठी) आहे. त्यानंतरच्या फॉर्म-वाउंड, म्हणजे आधीच आकार दिलेल्या कॉइलच्या, वाइंडिंगला ४० अंश सेल्सियसला किमान १०० मेगाओहम लागतात. संदेशकर्त्याने पहिली ओळ वाचून पुस्तक मिटलेले दिसते.

पुरवठा चालू असण्याचा अर्थ आजवर ब्रेकडाऊन झाला नाही, एवढाच. ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमध्ये (तार बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरमध्ये) ओल शिरली तर टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचे माप, वाढतो, बाहेरून काहीही दिसत नाही, आणि १० केव्हीची ती नेहमीची चाचणी जोडण्या सोडल्याशिवाय घेता येत नाही.

‘फार्स’ हा शब्द मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातील वायू तपासण्यासाठी नमुना घेणे किंवा थर्मल कॅमेऱ्याने जोडण्या पाहणे चालू यंत्रावरही होते, त्यासाठी वीज घालवण्याचे कारण नाही. शिवाय परमिट हातात येईपर्यंत बारा वाजतात, मग धुळकट बुशिंग न पुसताच क्लिप लावली जाते, आणि कधी कधी तर गेल्या वर्षीचाच आकडा नव्या तारखेखाली उतरतो.

भाच्याकडून त्याच्या विभागातील रजिस्टरच्या पानाचा फोटो मागवला. मोटरच्या रीडिंगपुढे १५० मेगाओहम लिहिले होते. तापमानाचा रकानाच नव्हता. दर दहा अंशांना रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो, तेव्हा वाइंडिंग ४० अंशांवर असेल तर ती पास. २० अंशांवर असेल, तर तेच रीडिंग ४० अंशांना ३७ च्या आसपास उतरते. ती चाचणी पुन्हा घ्यावी लागणार आहे.