वहीतली नावं

आज मंडळीच्या वार्षिक सभेतून आलेय आणि डोकं अजून तापलेलंच आहे. दीड तास नवीन स्क्रीन आणि साउंड सिस्टीमवर चर्चा, का तर तरुण पिढी चर्चकडे वळली पाहिजे, मंडळी वाढली पाहिजे. आणि त्या तरुण पिढीतली एक १९ वर्षांची मुलगी वही घेऊन उभी राहिली, "जे यायचे बंद झालेत त्यांची नावं वाचू का?" म्हणाली, तर उत्तर काय, "बाळ, बस खाली, हा आजचा विषय नाही."

विषय नाही??

ही मुलगी कोण ते सांगते. २०२० ला चर्च बंद झालं, उपासना मोबाईलवर आली, आणि आम्ही सगळे व्ह्यूज मोजत बसलो. खिडकीजवळच्या बाकावर बसणाऱ्या आजी, विधवा, घरी एकट्या, हातात बटणांचा फोन, त्यांना उपासना दिसणार कशी हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांची बसायची उशी बाकावर धूळ खात पडलेली. ही पोरगी तेव्हा १४ वर्षांची. लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर दर रविवारी मास्क लावून आजींच्या दारात उभी राहायची, हात लांब करून मोबाईल धरायची, पूर्ण उपासना होईपर्यंत.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या हकिकतीचा, सहावा अध्याय आपण सगळ्यांनीच ऐकलाय ना? तिथेही कुरकुर विधवांवरूनच. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या. प्रेषितांनी कुणाला खाली बसवलं नाही, सगळ्या शिष्यांना बोलावलं, म्हणाले तुम्हीच सात जण निवडा. आणि नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... सातही ग्रीक! म्हणजे तक्रार करणाऱ्यांच्याच माणसांकडे कारभार गेला असणार. आणि मग, दोनच वचनं पुढे, शिष्यांची संख्या फार वाढली असं लिहिलंय. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅटिकनच्या सिनडमध्ये, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेतसुद्धा, स्त्रियांना पहिल्यांदा मताचा हक्क मिळाला, बिशपांबरोबर गोल टेबलांभोवती बसून बोलल्या त्या. आमच्या सभेत एका पोरीला दोन मिनिटं मिळेनात.

हो, मान्य, पाळकसाहेबांवर कामाचा डोंगर आहे, आणि स्क्रीन आली तर मागच्या बाकांवरच्यांना गीतं नीट वाचता येतील. पण इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेवरही डोंगरच होता की. त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, स्पष्ट सांगितलं, एकट्याने रेटू नकोस, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. दहांवर! दहा जणांतला एक आला नाही तर लगेच कळतं. व्ह्यूजमध्ये आजी नाहीत हे कुणाला कळणार होतं?

लिहिता लिहिता राग उतरतोय आणि दुसरंच टोचायला लागलंय. आजींच्या बरोब्बर मागच्या बाकावर मी बसायचे, कितीतरी वर्षं. पोरीच्या आधी मला कळायला हवं होतं. आणि आज तिला बसवलं तेव्हा मीही गप्पच राहिले, हात वर केला नाही.

संध्याकाळी तिला फोन करून माफी मागितली. वहीत २३ नावं आहेत म्हणाली. त्यातली पाच मी मागून घेतलीत, या आठवड्यात घरी जाऊन भेटणार आहे. पहिलं नाव क्वायरमधल्या एका काकांचं आहे. ते यायचे कधी थांबले, मघापासून आठवतेय, आठवत नाहीये.